झेरॉक्स काढणे म्हणजे चोरी का?

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. आमच्या वस्तीतील बुद्धविहारात सकाळची वंदना आटोपली होती. त्रिसरण झाले, पंचशील झाले, लहान मुले खाऊसाठी दारापाशी गोळा झाली. विहाराच्या माळ्यावर आम्ही काही कार्यकर्ते मिळून मुलांसाठी अभ्यासिका चालवतो. चार लाकडी बाके, एक पंखा, दोन कपाटे पुस्तके आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, एवढेच तिचे वैभव. मी कपाटाची किल्ली काढत होते, तेवढ्यात एम. ए.च्या पहिल्या वर्षाला असलेली आमची एक मुलगी जवळ आली. चेहरा उतरलेला होता. हळू आवाजात म्हणाली, "ताई, एक विचारू? पुस्तकाची झेरॉक्स काढली तर दुसरे शील मोडते का?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग तिने सगळे सांगितले.

तिच्या विषयाला प्राध्यापकांनी वाचनाची यादी दिलेली. अकरा पुस्तके. कुठल्या पुस्तकातले एक प्रकरण, कुठल्यातली दोन. त्यातल्या एका पुस्तकाची किंमत तेराशे रुपये. ग्रंथालयात त्याची एकच प्रत, तीही घरी न्यायची नाही, तिथेच बसून वाचायची. वर्गात मुले साठ. शिष्यवृत्तीचे पैसे अजून खात्यावर आलेले नव्हते. तेव्हा तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी त्या पुस्तकातली नेमलेली बत्तीस पाने झेरॉक्स करून घ्यायचे ठरवले. पुस्तक घेऊन दुकानाकडे निघाल्या, तर महाविद्यालयातल्याच एका कर्मचाऱ्याने अडवले. चारचौघांत म्हणाले, "ही चोरी आहे. पुस्तक विकत घ्यायची ऐपत नाही तर एम. ए. कशाला करता?" दुसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानावर पाटी लागली : 'पुस्तकांचे झेरॉक्स मिळणार नाही.'

"ऐपतीचं बोलले त्याचं काही वाटलं नाही, ताई," ती म्हणाली. "ते लहानपणापासून ऐकतोच आहोत. पण चोर म्हणाले. आणि आज शील घेताना तोंडातून शब्दच निघेना."

वाचकहो, आपण बौद्ध माणसे रोज पाच शिले म्हणतो. दुसरे शील सांगते की, जे दिलेले नाही ते मी घेणार नाही. अदिन्न म्हणजे न दिलेले. किती जण हा शब्द उच्चारताना थांबून विचार करतात? मी तरी करत नव्हते. आणि ही बावीस वर्षांची पोर त्याच शब्दाला अडखळून उभी होती. तिला "असू दे गं, सगळेच काढतात" असे म्हणून घरी पाठवणे सोपे होते. परंतु सगळेच करतात म्हणून एखादी गोष्ट योग्य ठरत नाही, हे आपल्याला बाबासाहेबांनी शिकवले आहे. सगळेच तर जात पाळत होते! मी तिला म्हटले, "मला आज उत्तर माहीत नाही. पंधरा दिवस दे."

माझ्या तीन वह्या

त्या रात्री मला माझे स्वतःचे दिवस आठवले. मी बी. कॉम. झाले पंचवीस वर्षांपूर्वी. वडील गोदीत कामाला. आम्ही भावंडे चार. परिव्यय लेखाचे, म्हणजे कॉस्टिंगचे पुस्तक जाडजूड आणि महाग. ग्रंथालयातली प्रत घरी मिळत नसे. तेव्हा मी आणि माझी एक मैत्रीण पाळीपाळीने ग्रंथालयात बसून ते पुस्तक हाताने उतरवून काढायचो. पहिले प्रकरण ती, दुसरे मी. मग वह्यांची अदलाबदल. दोनशे पानी तीन वह्या भरल्या. बोटाला घट्टा पडला होता. ग्रंथालयाचे शिपाईमामा दिवे घालवायला आले की म्हणायचे, "पोरींनो, आता उरलेलं उद्या उतरवा." कोणीही आम्हाला चोर म्हटले नाही. उलट कष्टाळू मुली म्हणून कौतुकच झाले.

मग प्रश्न असा की, जी गोष्ट हाताने केली तर कष्ट, तीच यंत्राने केली तर चोरी कशी? मी कारकून आहे. कचेरीत रोज झेरॉक्सच्या यंत्रापाशी माझे काम. मूळ कागद पाहून 'सत्यप्रत' असा शिक्का हजारो वेळा मारला असेल. पण प्रत काढण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न कधी मनात आला नव्हता.

आमच्या समाजातील एक वकीलसाहेब आहेत. त्यांच्याकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि कपाटातून कॉपीराइटचा कायदा काढून समोर ठेवला. "वाच. इंग्रजीला घाबरू नकोस. कलम बावन्न." सोबत दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन निकालांची कागदपत्रे दिली. रोज रात्री स्वयंपाक आवरल्यावर शब्दकोश घेऊन मी ते वाचत बसले. जे समजले ते आपल्या मुलांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे सांगते.

कायदा काय म्हणतो

आपल्या देशाचा कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे. जो लिहितो, त्याच्या लिखाणावर त्याचा हक्क असतो. त्याच्या परवानगीवाचून ते छापता येत नाही, विकता येत नाही. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर साठ वर्षे चालतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षे होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली गेले. त्यांच्या लिखाणावरचा हक्क १९९१ अखेर संपत आला, तेव्हा कायदा बदलून पन्नासाची साठ वर्षे करण्यात आली. म्हणजे ही मुदत माणसांनी ठरवलेली आहे आणि माणसांनीच बदललेली आहे.

परंतु त्याच कायद्यात ५२ वे कलम आहे. कोणती कृत्ये केली तर कॉपीराइटचा भंग होत नाही, त्यांची ही लांबलचक यादी आहे. तिच्यात एके ठिकाणी स्पष्ट लिहिले आहे की, शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात एखाद्या लिखाणाची प्रत काढली तर तो भंग नाही. प्रश्नपत्रिकेत उतारा घातला, उत्तरपत्रिकेत उतारा लिहिला, तोही भंग नाही. आणखी एके ठिकाणी म्हटले आहे की, स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी आणि संशोधनासाठी लिखाणाचा रास्त वापर करता येतो. जे पुस्तक भारतात विकतच मिळत नाही, त्याच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक ग्रंथालय आपल्या वापरासाठी काढू शकते. आणि २०१२ साली कायद्यात एक फार मोलाची भर पडली. अंध आणि अपंग बांधवांना वाचता येईल अशा रूपात पुस्तकाची प्रत करून देणे, हेही भंगातून वगळले गेले.

मी हे वाचले तेव्हा माझा विश्वासच बसेना. पुन्हा वाचले. "शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने." म्हणजे आमच्या पोरीचे नावच जणू कायद्यात लिहिलेले होते, आणि तिला ते कोणी सांगितले नव्हते. आपल्या हक्कांचे असेच होते. कागदावर असतात, पण जो कागद वाचतो त्यालाच ते मिळतात.

दिल्लीचा खटला

कायद्यातले ते एक वाक्य खरे करून घ्यायला मात्र न्यायालयात पाच वर्षे लढावे लागले.

दिल्ली विद्यापीठात 'दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स' ही संस्था आहे. तिच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाचे एक लहानसे दुकान. विद्यापीठानेच त्याला जागा आणि परवाना दिलेला. प्राध्यापक अभ्यासक्रमाप्रमाणे निरनिराळ्या पुस्तकांतली प्रकरणे नेमून देत. दुकानदार त्यांच्या प्रती काढून एकत्र बांधून मुलांना देई. पानाला रुपयासुद्धा नाही, असा दर. गावखेड्यांतून दिल्लीला आलेल्या पोरांचा सारा अभ्यास त्या बांधलेल्या गठ्ठ्यांवर चाले.

२०१२ च्या ऑगस्टमध्ये तीन बड्या प्रकाशकांनी या दुकानावर आणि विद्यापीठावर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस आणि टेलर अँड फ्रान्सिस ही त्यांची नावे. नुकसानभरपाईची मागणी साठ लाख रुपयांची! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने असे गठ्ठे विकण्यास तात्पुरती मनाई केली.

मग विद्यार्थी उठले. त्यांनी आपली संघटना उभी करून न्यायालयात म्हणणे मांडण्याची परवानगी मिळवली. प्राध्यापकांनीही वेगळी संस्था काढून तेच केले. अमर्त्य सेन यांनी प्रकाशकांना पत्र लिहून हा मार्ग सोडा असे सांगितले. तीनशेहून अधिक लेखक-प्राध्यापकांनी खुल्या पत्रावर सह्या केल्या. त्यातले तेहतीस जण असे होते की, त्यांच्याच लिखाणाच्या प्रती त्या गठ्ठ्यांत होत्या. ज्यांचे पुस्तक ते म्हणत होते, मुलांना वाचू द्या! आणि प्रकाशक म्हणत होते, आमचे नुकसान झाले.

१६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी निकाल दिला आणि प्रकाशकांचा दावा फेटाळला. हा निकाल वाचताना एके ठिकाणी मी थबकले. न्यायमूर्तींनी आपल्या स्वतःच्या विद्यार्थिदशेची आठवण त्यात लिहिली आहे. ते कायदा शिकत होते तेव्हा झेरॉक्सची सोय फारशी नव्हती. विद्यार्थी पाळीपाळीने ग्रंथालयात बसून पुस्तकांची पानेच्या पाने हाताने उतरवून घेत. जी गोष्ट कष्टाने केली असता गुन्हा ठरत नाही, ती यंत्रामुळे सोपी झाली म्हणून गुन्हा ठरू शकत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा सारांश. माझ्या तीन वह्या मला आठवल्या. डोळ्यांत पाणी आले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

त्याच निकालात त्यांनी म्हटले आहे की, कॉपीराइट हा काही दैवी किंवा निसर्गाने दिलेला हक्क नाही. तो कायद्याने, समाजात ज्ञान वाढावे म्हणून दिलेला हक्क आहे. बंधुभगिनींनो, या वाक्याचे मोल आपल्याइतके कोणाला कळणार? विद्या ही मोजक्यांना देवाने दिलेली ठेव आहे, हे ऐकत आपल्या कित्येक पिढ्या संपल्या.

प्रकाशकांनी अपील केले. ९ डिसेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग आणि योगेश खन्ना यांच्या खंडपीठाने कायद्याचा तोच अर्थ कायम केला. प्रकाशकांचे म्हणणे होते की, दुकानदार ना शिक्षक ना विद्यार्थी, मग त्याला सवलत कशी? न्यायालयाने सांगितले की, शिक्षक-विद्यार्थ्यांचे काम करून देणारा मध्ये आला म्हणून त्यांचा हक्क जात नाही. किती पाने चालतील याचा आकडा कायद्यात नाही. शिकवण्याच्या हेतूला जेवढे लागते तेवढे, ही कसोटी. आणि एवीतेवी विद्यार्थी ही तीस-चाळीस संदर्भग्रंथ विकत घेणारच नव्हते, ते ग्रंथालयातच बसले असते, हाही मुद्दा न्यायालयाने नोंदवला.

मात्र नाण्याची दुसरी बाजूही मी सांगितली पाहिजे. गठ्ठ्यांतली नेमकी ती पाने शिकवण्यासाठी आवश्यक होती का आणि संपूर्ण पुस्तकेच्या पुस्तके झेरॉक्स केली असतील तर काय, हे प्रश्न न्यायालयाने पुरावा घेऊन ठरवायचे म्हणून मोकळे ठेवले. ते ठरण्याआधीच, २०१७ च्या मार्चमध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. प्रकाशक-लेखकांच्या परवाने देणाऱ्या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, ती याचिका मे २०१७ मध्ये फेटाळली गेली. म्हणून "दिल्लीच्या निकालाने सगळे पुस्तक झेरॉक्स करायला मोकळीक दिली" असे जे कोणी सांगतात, ते अर्धे सांगतात.

आपल्या मुलांनी काय ध्यानात ठेवावे

सोप्या भाषेत सांगायचे तर असे. अभ्यासक्रमात नेमलेले प्रकरण, लेख, उतारा आपल्या अभ्यासासाठी झेरॉक्स करून घ्या, भिऊ नका. प्राध्यापकांनी नेमून दिलेली यादी जवळ ठेवा. वर्गासाठी प्राध्यापकांनी पाने काढून दिली तर तीही घ्या. पण बाजारात सहज मिळणारे अख्खे पुस्तक मुखपृष्ठासकट छापून, बांधून विकणे हा अभ्यास नव्हे, तो धंदा आहे. त्याला ५२ वे कलम आधार देत नाही. मोबाइलवर पुस्तकाची पीडीएफ आली की शंभर गटांत पुढे ढकलायची, हेही अभ्यासाच्या नावाखाली बसत नाही.

जे विनामूल्य आणि राजरोस मिळते, त्याचा शोध घ्या. इग्नूची अभ्यासपुस्तके तिच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचे इंग्रजी खंड भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहेत. संशोधनाच्या मासिकांसाठी केंद्र सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये 'एक राष्ट्र एक वर्गणी' योजना मंजूर केली, सहा हजार कोटी रुपयांची. ती सरकारी उच्च शिक्षण संस्थांसाठी आहे. आपले महाविद्यालय तीत आहे का, हे ग्रंथपालांना विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

बाबासाहेबांच्या ग्रंथांबद्दलही पुष्कळांना शंका असते. त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या लेखनावरील हक्काची मुदत २०१६ अखेर संपली. १ जानेवारी २०१७ पासून ते सर्वांसाठी खुले आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली निघाला, म्हणून मूळ इंग्रजी ग्रंथाची मुदत एक वर्ष उशिरा संपली. जे लिखाण त्यांच्या पश्चात पुष्कळ वर्षांनी प्रथम छापले गेले, त्याची साठ वर्षे पहिल्या प्रकाशनापासून मोजतात. आणि कोणी मराठी भाषांतर केले असेल, नवी प्रस्तावना किंवा टिपा लिहिल्या असतील, तर त्या श्रमांवर त्या माणसाचा हक्क वेगळा असतो. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले, म्हणजे त्यांच्या साहित्यावरील हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे.

हक्क खुला झाला म्हणजे पुस्तक हाती आले असे मात्र नाही. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांचे खंड मिळावेत म्हणून आपली माणसे वर्षानुवर्षे हेलपाटे घालतात. हे प्रकाशन रखडल्याची बातमी वाचून २०२१ च्या डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. ज्या समाजाला पुस्तकांची एवढी भूक आहे, त्याच्या मुलीला बत्तीस पानांसाठी चोर म्हणावे?

आमची चूक

इथवर लिहून मी थांबले असते, तर लेख छान झाला असता. पण दुसऱ्या शिलाचा प्रश्न विचारला गेला होता, आणि तो मला माझ्याच दारात घेऊन आला.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. १४ एप्रिलच्या जयंतीला आमच्या मंडळाने मुलांना एक पुस्तिका वाटायचे ठरवले. आपल्याच समाजातील एका वृद्ध लेखकाची, चाळीस पानांची, मुलांसाठी लिहिलेली धम्माची ओळख. फार सोपी आणि गोड. पुस्तिका वीस रुपयांची. मी हिशेब केला, बी. कॉम. ना मी! कचेरीजवळच्या ओळखीच्या दुकानात दोनशे प्रती काढल्या तर निम्म्या खर्चात काम होत होते. तसेच केले. दोनशे मुलांना वाटल्या. टाळ्या झाल्या. लेखकाला ना पत्र, ना फोन.

त्यांनी ती पुस्तिका स्वतःच्या निवृत्तीच्या पैशांतून छापली होती. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणाऱ्या प्रत्येकाने शिवाजी पार्कावर असे लेखक पाहिले असतील. जमिनीवर सतरंजी, तीवर स्वतःची दोन पुस्तके, शेजारी पाण्याची बाटली. रात्रभर बसून पंचवीस-तीस प्रती खपल्या तर त्यांना धन्य वाटते. त्यांच्यामागे मोठा प्रकाशक नाही, वकील नाही. साठ लाखांचा दावा ते कोणावर लावणार? खुद्द बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' १९३६ साली स्वतःच्या खर्चाने छापले होते. पंधराशे प्रती. त्या दोन महिन्यांत संपल्या. लोकांनी त्या विकत घेऊन वाचल्या, तेव्हा दुसरी आवृत्ती निघू शकली.

आम्ही शिक्षक नव्हतो, ते वर्ग नव्हते, आणि एखादे प्रकरणही नव्हते, अख्खे पुस्तक होते. कायद्याच्या ५२ व्या कलमाचा पदर आम्ही धरू शकत नव्हतो. हेतू चांगला होता, हे खरे. पण न दिलेले घेतले होते, हेही खरे.

एका शनिवारी मी त्या लेखकांच्या घरी गेले. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत. एका खोलीत मुलाजवळ राहतात. मी जयभीम करून सगळे सांगितले आणि हिशेबाने चार हजार रुपयांचे पाकीट पुढे ठेवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाळ, दोनशे पोरांनी वाचलं?" मी होय म्हटले. "मग पैशाचं काय घेऊन बसलीस. विचारलं असतंस तर मीच दिली असती. माझ्याकडे पलंगाखाली तीनशे प्रती पडून होत्या गं."

विचारलं असतंस तर दिली असती. या एका वाक्यात मला सगळे शील समजले. पैसे त्यांनी घेतले नाहीत. शेवटी त्या रकमेच्या दोनशे प्रती घेते म्हटल्यावर तयार झाले. पलंगाखालून वाकून काढताना त्यांचे हात थरथरत होते. त्या प्रती आता अभ्यासिकेच्या कपाटात आहेत.

पाटी बदलली

पंधरा दिवसांनी मी त्या मुलीला विहारात बोलावले. तिला म्हटले, "तू न दिलेले काही घेतलेले नाहीस. अभ्यासापुरती पाने घेण्याचा हक्क या देशाच्या कायद्याने तुला दिलेला आहे. जे दिलेले आहे ते घेण्यात शील मोडत नाही. पण माझ्याकडून मोडले होते, तेही ऐक." आणि तिला पुस्तिकेची हकीगत सांगितली. ती ऐकत राहिली.

मग आम्ही दोघींनी बसून प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला. कोणाविरुद्ध तक्रार केली नाही. कायद्याचे कलम, दिल्लीच्या निकालांच्या तारखा आणि तीन मागण्या : नेमलेल्या प्रकरणांच्या झेरॉक्सला परवानगी द्यावी, प्राध्यापकांनी नेमलेल्या पानांचा एक संच ग्रंथालयात ठेवावा आणि महागड्या पुस्तकाची आणखी एक प्रत ग्रंथालयाने घ्यावी. अर्ज तिच्याच अक्षरात, सह्या वर्गातल्या एकतीस मुलामुलींच्या, सर्व जातीधर्मांच्या. गरिबी काही एकाच वस्तीत राहत नाही. मी कारकून असल्याने एक गोष्ट पक्की शिकवली : अर्ज दिला की पोच घ्यायची, शिक्क्यासह.

पहिले तीन आठवडे काही झाले नाही. स्मरणपत्र दिले. मग प्राचार्यांनी मुलांना बोलावून घेतले, ग्रंथपालांशी बोलले. ग्रंथपाल भले गृहस्थ निघाले. त्यांना हे कलम ठाऊक होते, पण कोणी विचारलेच नव्हते! नेमलेल्या पानांचा संच ग्रंथालयात आला. जास्तीची प्रत अजून आलेली नाही, पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात बघू म्हणाले आहेत. त्याचे स्मरणपत्र आम्ही देणारच आहोत. ज्यांनी तिला चोर म्हटले, त्यांनी माफी मागितली नाही. तिनेही मागायला लावली नाही.

दुकानावरची पाटी मात्र बदलली. आता तेथे लिहिले आहे : 'संपूर्ण पुस्तकाचे झेरॉक्स मिळणार नाही.' एका शब्दाचाच काय तो फरक. पण त्या एका शब्दासाठी आमच्या पोरीने कायदा वाचला, अर्ज लिहिला, एकतीस जणांना एकत्र केले. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे आपण पोस्टरवर रोज वाचतो. ते एका पाटीपुरते का होईना, तिने करून दाखवले.

मागच्या रविवारी विहारात वंदनेला ती माझ्या शेजारी बसली होती. दुसरे शील आले तेव्हा मी कान देऊन ऐकले. तिचा आवाज स्वच्छ होता. माझा जरा हळू झाला. पलंगाखालच्या त्या तीनशे प्रती मला आठवल्या होत्या.

मायभगिनींनो, आपल्या घरात शिकणारे मूल असेल तर त्याला हे दोन्ही सांगा. अभ्यासासाठी जे कायद्याने दिले आहे ते मान वर करून घे. आणि जे दिलेले नाही ते आधी विचार. आपल्या माणसाचे पुस्तक असेल, तर ते विकत घे. वीस रुपयांचे असले तरी.

जयभीम!